जन्मतारीख: १ जून

आमच्या घरात चार माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. बाबा, दोन्ही काका आणि आत्या. त्या दिवशी केक कधी येत नाही, कारण चौघांपैकी कुणालाच तो आपला वाढदिवस वाटत नाही. तुमच्याही घरात असं कुणीतरी असेलच. पोराला शाळेत घालायला नेलं, गुरुजींनी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतोय का ते पाहिलं आणि रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, त्यामुळे हिशेब सोपा जायचा. आजी मात्र सांगायची, "तुझा बाप ऐन आवणीत झाला." म्हणजे जुलै. पण आवणी असा रकाना कुठल्या फॉर्मवर नसतो.

बाबांनी तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात तीस वर्षं काढली. २०२४ च्या जूनमध्ये कागदोपत्री अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली आणि ते निवृत्त झाले. पीएफ काढायला अर्ज केला, तो परत आला. कारण एका ओळीचं: नाव आणि जन्मतारीख जुळत नाही. कारखान्याच्या नोंदीत ते दत्तात्रय, जन्म १ जून १९६६. आधार कार्डावर दत्तू, जन्म १ जानेवारी १९६४. आधारच्या वेळी नुसतं वय विचारलं होतं, बाबांनी अंदाजानं सांगितलं आणि समोरच्यानं त्या वर्षाची १ जानेवारी टाकली. दत्तूचं दत्तात्रय तर त्याआधीच झालं होतं. कामावर लागले तेव्हा यादी लिहिणारा म्हणाला होता, "दत्तू काय नाव आहे का? दत्तात्रय लिहितो."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बोईसरहून रोज अंधेरीला जातो. दोन ठिकाणची माहिती जुळली नाही की व्यवहार अडवायचा, असा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. कुणी तक्रार केली की आमचं ठरलेलं उत्तर असतं, तुमचा डेटा तपासा. या वेळी तक्रार करणारा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारत होता, "काय म्हणतोय रे तो तुझा कॉम्प्युटर?"

जानेवारी २०२४ पासून पीएफसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही. शाळेचा दाखला चालतो. म्हणून एका शनिवारी मी रजा टाकून बाबांना घेऊन त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापक मॅडमनी लोखंडी कपाट उघडलं. वरती पोषण आहाराच्या वह्या, खाली निवडणुकीच्या कामाचे गठ्ठे आणि त्याखाली कापडात बांधलेलं जुनं जनरल रजिस्टर. पानांच्या कडा कसरीनं खाल्लेल्या. मॅडमनी पंधरा मिनिटं पानं उलटली आणि बोट ठेवलं. विद्यार्थ्याचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. दत्तू. एक जून एकोणीसशे सहासष्ट. निळी शाई, ठसठशीत अक्षर.

बाबा ते पान बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षर बडेकर गुरुजींचं नाही. त्यांच्या आधीच्यांचं आहे."

प्रवेश निर्गम उतारा मिळाला. आता प्रश्न एवढाच होता, की शाळेतला दत्तू आणि कारखान्यातला दत्तात्रय हा एकच माणूस आहे हे सिद्ध कसं करायचं. सोमवारी डहाणू लोकलमध्ये उभ्या उभ्या मी मोबाईलवर शोधत होतो: शाळेचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, सर्वोच्च न्यायालय. आधी ऑक्टोबर २०२४ चा एक निकाल मिळाला. अपघाताच्या नुकसानभरपाईचा. त्यात न्यायालयानं म्हटलं होतं, की वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरावा. मला हवं ते मिळालं होतं. पण त्याखाली दुसरा निकाल दिसत होता: नारायण चेतनराम चौधरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २७ मार्च २०२३. विरारला थोडी जागा झाली, मी टेकलो आणि वाचायला लागलो. बोईसर कधी आलं कळलं नाही. वाणगावला उतरून परत फिरावं लागलं.

प्रकरण असं आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरात सात खून झाले. पाच बायका आणि दोन मुलं. त्यातली एक गरोदर होती. सप्टेंबरमध्ये राजस्थानातून आलेल्या तरुणांना अटक झाली. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं. त्या दोघांपैकी एकाचं नाव पोलिसांच्या कागदांवर नारायण असं होतं. खटला सज्ञान माणसाचा म्हणूनच चालला. तीन न्यायालयं झाली, आणि त्या नावावर किंवा वयावर कुणी बोट ठेवलं नाही.

राजस्थानात बिकानेर जिल्ह्यात जलाबसर नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेच्या प्रवेश रजिस्टरमध्ये एक मुलगा आहे. नाव निरानाराम, वडील चेतनराम, जन्म १ फेब्रुवारी १९८२. १९८६ मध्ये पहिलीत आला, १९८९ मध्ये तिसरीतून शाळा सोडली. हाच जर तो नारायण असेल, तर खुनांच्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं.

साडेबारा. म्हणजे सातवीतला मुलगा.

आपल्याकडे एवढ्या लहान बालगुन्हेगाराला फाशी देता येत नाही. जन्मठेपही नाही. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. निरानाराम तेव्हा येरवडा आणि नागपूरच्या तुरुंगांत वाढत होता. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय असलेले तुरुंग हे दोनच. तिसरी शिकलेला तो मुलगा आत राहून शिकत गेला, समाजशास्त्रात एम.ए. झाला. पण शिक्षणानं तो सुटला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ ए' या गटानं त्याची बाजू घेतली आणि गावातले कागद न्यायालयापर्यंत आणले, म्हणून तो सुटला. २०१८ मध्ये अर्ज झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. त्यांचा अहवाल आला: निरानाराम आणि नारायण एकच, आणि घटनेच्या वेळी तो अल्पवयीन होता. तो अहवाल येऊनही जवळजवळ चार वर्षं गेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस आणि हृषीकेश रॉय यांनी तो मान्य केला आणि त्याला लगेच सोडायला सांगितलं. तीन वर्षांच्या ठिकाणी अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती.

मी हे बाबांना सांगितलं. जेवताना. बाबांचं पहिलं वाक्य होतं, "आणि त्या सात जणांचं काय?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही. निकालात खून खोटे ठरलेले नाहीत. एक घर संपलं, ते संपलंच. त्या घराच्या माणसांनी अठ्ठावीस वर्षांनी बातमीत वाचलं असेल, की फाशी झालेला सुटला. त्यांना मी कायद्याचं कलम काय सांगणार?

बाबा पुढं म्हणाले, "आणि दाखल्याचं काय सांगतोस मला? माझ्या दाखल्यावर १ जून आहे. खरं आहे का ते? त्याच्या मास्तरनं पण असंच काहीतरी लिहिलं असेल."

हा प्रश्न मात्र मी बरोबर घेऊन झोपलो. कारण तो बरोबर होता. ज्या कागदामुळे एक माणूस फासावरून उतरला, तो कागदही कुणीतरी अंदाजानंच लिहिलेला असू शकतो. मग कायदा त्याच्यावर एवढा विश्वास का ठेवतो?

बाल न्याय कायद्याचं कलम ९४ मी नंतर शोधून वाचलं. वय ठरवताना कुठला पुरावा आधी धरायचा याची त्यात उतरंड आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र. ते नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची किंवा तशी दुसरी वैद्यकीय तपासणी. आम्हा इंजिनिअर लोकांना वाटेल, तपासणी सगळ्यात शेवटी का? विज्ञान आधी हवं ना? पण हाडं दोन-चार वर्षांचा फरक सोडूनच बोलतात, आणि माणूस वाढला की हा फरक आणखी वाढतो. शाळेचं रजिस्टर अचूक असतं म्हणून पहिलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण वेगळं आहे. ते लिहिताना कुणाला काही मिळवायचं नव्हतं. १९८६ साली जलाबसरच्या मास्तरांना हे माहीत नव्हतं, की आठ वर्षांनी पुण्यात काय होणार आहे. त्यांची तारीख महिना-दोन महिने चुकली असेल, वर्षभरही चुकली असेल. पण दहा वर्षांच्या मुलाला कुणी चार वर्षांचा म्हणून पहिलीत बसवत नाही. गुरुजींचा १ जून खोटा आहे, पण त्यात लबाडी नाही.

याच कायद्यात कलम ९ आहे. आपण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होतो, हा दावा कुठल्याही न्यायालयात आणि कुठल्याही टप्प्यावर करता येतो. खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरसुद्धा. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या कामात मुदत संपली की फॉर्म बंद होतो. इथं कायद्यानं एक खिडकी कायमची उघडी ठेवली आहे.

सगळीकडे ती नसते. अमेरिकेत १७ वर्षांच्या मुलानं केलेल्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड देता येणं २००५ पर्यंत चालू होतं. त्या वर्षी १ मार्चला 'रोपर विरुद्ध सिमन्स' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते थांबवलं. १९७६ पासून तोवर अशा २२ जणांना मृत्युदंड देऊन झाला होता. शिवाय १९९६ च्या एका कायद्यानं तिथं राज्याच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या कैद्याला संघीय न्यायालयात दाद मागायला साधारण एका वर्षाची मुदत घातली आहे. खटले कधीतरी संपले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही शेवट हवा असतो. पण त्याच अमेरिकेत १९७३ पासून दोनशे तरी माणसं मृत्युदंडाची शिक्षा झाल्यावर निर्दोष ठरून बाहेर आली आहेत. त्यातल्या अनेकांचा पुरावा कैक वर्षांनी सापडला.

आणि ते फक्त तिकडं होतं असं नाही. आपल्याच राज्यातलं 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे प्रकरण घ्या. २००३ मध्ये नाशिकजवळ खून आणि बलात्काराचा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात पकडलं. उच्च न्यायालयानं सहापैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढं निघालं. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीला भलतीच माणसं ओळखली होती, आणि तो धागा तपासात सोडून दिला गेला होता. सहा जणांनी सोळा वर्षं तुरुंगात काढली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. न्यायालय तेच, कागद बहुतेक तेच. फरक इतकाच, की दहा वर्षांनी कुणीतरी ते पुन्हा वाचले आणि तोपर्यंत ती माणसं जिवंत होती.

मला फाशीबद्दल जे काही म्हणायचं आहे ते एवढंच आहे. भयंकर गुन्हा बघून माझंही रक्त उसळतं. पण आपली सगळी न्यायव्यवस्था कागदावर चालते, आणि कागद कसे तयार होतात हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. दत्तूचा दत्तात्रय करायला एका माणसाला पाच सेकंद लागले. तो निस्तरायला आम्हाला सात महिने लागले: प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, कारखान्याच्या सह्या, पालघरच्या तीन खेपा. बाबांचा मुलगा शिकलेला होता, त्याला रजा मिळत होती, शाळा चाळीस मिनिटांवर होती. आणि बाबांचं फक्त पीएफ अडकलं होतं. नागपूरच्या कोठडीतल्या माणसाची शाळा हजार किलोमीटरवर असते. तिथं त्याच्यासाठी कपाट उघडायला कोण जातं?

कैद्याला हक्क आहेत. घटनेच्या कलम ३९ अ नुसार गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळायला हवी. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं, की तुरुंगात असलेल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळालीच पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. निकालाची प्रत! इतकी साधी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला सांगावी लागली. पुढं २०१६ मध्ये याच विद्यापीठाचा देशभरातल्या फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल आला, तेव्हा चारांतले जवळजवळ तीन जण आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. हक्क सगळ्यांना सारखे असतात. ते मिळवायला जाणारा माणूस सगळ्यांकडं नसतो.

इथं लेख संपवता आला असता. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दुसरंच काही आठवलं, आणि ते सांगितल्याशिवाय हे सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर, मी बोईसरमध्ये एका झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात दीड महिना काम केलं. दिवसाला दोनशे रुपये. एमआयडीसीतले ठेकेदार तिथं यायचे. गेटपासचे अर्ज, कामगारांच्या याद्या. एका दुपारी एक ठेकेदार आठ-नऊ जणांना घेऊन आला. सगळे बाहेरच्या राज्यातले, गाडीतून नुकतेच उतरलेले. शेवटचा मुलगा माझ्या टेबलापाशी आला. मिसरूड फुटलेलं नव्हतं. आवाजही फुटायचा होता. मी विचारलं, "कितने साल का है?" त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, ठेकेदाराकडं बघितलं. ठेकेदार म्हणाला, "अठरा लिख दे, इंजिनिअर."

मला नियम माहीत होता. आदल्याच वर्षी कायदा बदलला होता, अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कारखान्यात घेता येत नाही, अशी पाटी मी त्याच दुकानात टाइप करून दिली होती. रकान्यात अठराच्या खालचा आकडा टाकला तर यादी परत येणार, हेही माहीत होतं. मी हिशेब केला आणि टाइप केलं: १ जानेवारी १९९९. मुलानं अंगठा दिला. पुढचा अर्ज घेतला.

बडबड न करता सांगायचं तर, मी त्या मुलाची चार-पाच वर्षं खाल्ली. आमच्या गुरुजींनी १ जून लिहिला तेव्हा त्यांना पोराला शाळेत बसवायचं होतं. मी १ जानेवारी लिहिलं ते त्याला कारखान्यात बसवायला. एका कागदावरून दुसरा कागद होतो, दुसऱ्यावरून तिसरा. गेटपासवरून बँकेचं खातं, खात्यावरून आणखी काही. उद्या तो मुलगा कशात सापडला असेल, खोलीवरच्या मारामारीत, चोरीत, त्याहून वाईट कशात, तर पोलिसांनी खिशातलं कार्ड काढून वय लिहून घेतलं असेल. ते वय मी ठरवलेलं असेल. आणि तो गप्प बसला असेल. वय विचारल्यावर दुसऱ्याकडं बघायचं हे तो माझ्या टेबलापाशीच शिकला होता.

असं काही झालं असेलच असं नाही. बहुतेक झालंच नसेल. तो आता बावीस-तेवीसचा असेल, कुठंतरी मशीन चालवत असेल, त्याच्या कार्डावर सव्वीस असेल. पण फासाच्या दोरापासून कुणाला किती अंतरावर ठेवायचं, हे फक्त न्यायाधीश ठरवत नाहीत, हे मला त्या लोकलमध्ये कळलं. दुकानात दोनशे रुपये रोजावर बसलेला पोरगाही त्यात असतो.

बाबांचं पीएफ या फेब्रुवारीत आलं. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाले, "चला, दत्तू जिंकला." आई म्हणाली, १ जूनला या वर्षी खीर करू. बाबा म्हणाले, "करायची तर आवणीत कर."

झेरॉक्सचं दुकान आता तिथं नाही. मोबाईलचं दुकान आहे. मी स्टेशनला जाताना रोज त्यावरून जातो. त्या मुलाचं नाव मला आठवत नाही. जिल्ह्याचं नाव आठवतं, कारण त्याचं स्पेलिंग मी ठेकेदाराला दोनदा विचारलं होतं. स्पेलिंग चुकू नये याची मी काळजी घेतली होती. त्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा शाळेत, कपाटाच्या तळाशी, त्याच्या नावाची एक ओळ असेल तर बरं.

तो शाळेत गेला होता का, हे मात्र मी विचारलं नव्हतं.